घरगुती ध्वनिमुद्रणांतील दोष व त्यांचें निदान

मनुष्य जातो आणि त्याचें हस्ताक्षर मागें उरतें; परंतु त्याचा आवाज त्याच्याबरोबरच जातो, असा हजारों वर्षांचा अनुभव होता. १८७७ सालीं एडिसननें बोललेला शब्द पुन्हां ऐकविणारें यंत्र सिद्ध केलें, तेव्हां हा अनुभव प्रथमच खोटा ठरला. हिंदुस्थानांत या विद्येचा व्यापार सुरू झाला तो पुढें पंचवीस वर्षांनीं. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीच्या वतीनें फ्रेड गायस्बर्ग यांनीं कलकत्त्यास गोहरजान व इतर कलावंतांचे आवाज मुद्रित केले. तबकड्या छापण्याचा कारखाना मात्र जर्मनींत हॅनोव्हर येथें होता; त्यामुळें तयार तबकडी हातीं पडण्यासाठीं ती समुद्र ओलांडून येईपर्यंत थांबणें भाग असे.

आज तेंच काम घरांतील मेजावर होतें. साधा संगणक, एक मायक्रोफोन आणि एखादें सॉफ्टवेअर एवढी सामग्री त्यास पुरते. ऑडॅसिटी नांवाचें सॉफ्टवेअर तर २००० सालापासून विनामूल्य मिळत आलें आहे. त्यामुळें कोठें नातू आजीच्या ओव्या उतरून घेतो, कोठें एखादी शिक्षिका अंध विद्यार्थ्यांसाठीं पाठ्यपुस्तक वाचून ठेवते, तर कोठें मुलें वडिलांच्या तोंडून गांवचा वृत्तान्त वदवून घेतात. पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतील कित्येक मूळ स्वरांत मुद्रित झाल्या. २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया ही संस्था त्या प्रसिद्ध करीत आली आहे. ज्या घरांत गिरणीचें पीठ आलें त्या घरांत जातें थांबलें, आणि जातें थांबलें म्हणजे ओवीहि थांबते. म्हणूनच ज्यांना या ओव्या मुखोद्गत आहेत अशा स्त्रिया आज बहुधा वृद्ध आहेत. त्यांच्यापुढें मायक्रोफोन ठेवण्याची संधि पुष्कळदां एकदांच येते.

अशा वेळीं यंत्रानें दगा दिला तर होणारें नुकसान पैशाचें नसतें. तासभर बोलून थकलेल्या वृद्धेस ‘पुन्हां म्हणा’ असें सांगणें अवघड. आणि तिनें पुन्हां म्हटलें तरी पहिल्या वेळचा रंग त्यांत उतरतोच असें नाहीं. मागाहून सॉफ्टवेअर सर्व कांहीं सुधारील अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु ती भ्रामक आहे. कापला गेलेला किंवा खोलीच्या घुमण्यांत बुडालेला आवाज पूर्ववत् करणें बहुधा शक्य होत नाहीं. यास्तव दोष कोठें उत्पन्न होतो हें वेळेवर ओळखतां येणें, हेंच या विद्येचें मर्म होय.

निदानाची ही रीत शेतकऱ्यास परिचित अशीच आहे. वाफ्यांत पाणी आलें नाहीं म्हणून जाणता शेतकरी वाफा उकरीत बसत नाहीं. तो विहिरीपासून पाटाच्या कडेनें चालत येतो. पाणी जेथपर्यंत दिसतें आणि जेथून दिसेनासें होतें, त्या दोहोंच्या मध्यें फूट शोधतो. आवाजाचाहि असाच एक पाट आहे. तोंडांतून निघालेला आवाज खोलींतील हवेंतून मायक्रोफोनवर येतो. तेथें त्याचें क्षीण विद्युत्प्रवाहांत रूपांतर होतें. तो प्रवाह तारेंतून ऑडिओ इंटरफेस नांवाच्या जोडयंत्रांत जातो. तेथें तो वाढविला जातो आणि त्याचे आंकडे बनतात. यूएसबी मायक्रोफोन असल्यास हें जोडयंत्र त्याच्या पोटांतच असतें. ते आंकडे संगणकाच्या परवानगीनें सॉफ्टवेअरकडे पोंचतात, आणि शेवटीं हेडफोनमधून पुन्हां आवाज होऊन कानीं पडतात. दोष आढळतांच या क्रमानें एकेक ठिकाण तपासावें, आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. घाबरून तार, मायक्रोफोन आणि सॉफ्टवेअरची मांडणी हीं तिन्ही एकदम बदलणाऱ्याचा दोष कधीं कधीं जातो; परंतु तो कशानें गेला हें न कळल्यामुळें पुढच्या वेळीं पुन्हां तीच धांवपळ करावी लागते.

सर्वांत अधिक घाबरविणारा दोष म्हणजे आवाज मुळींच न येणें. सुदैवानें त्याचें कारण बहुधा क्षुल्लक असतें. प्रथम सॉफ्टवेअरमधील पातळीदर्शक पट्टी पाहावी. बोलतांना ती हलत असेल तर आवाज आंत येत आहे. दोष ऐकण्याच्या बाजूस, म्हणजे स्पीकर किंवा हेडफोन यांच्या निवडींत आहे. पट्टी स्तब्ध असेल तर मायक्रोफोनवरील बंद-चालूचें बटण पाहावें, आणि नंतर सॉफ्टवेअरमध्यें योग्य मायक्रोफोनचें नांव निवडलेलें आहे कीं नाहीं तें पाहावें. विंडोज १० व ११ मध्यें, तसेंच मॅक संगणकांत, मायक्रोफोन वापरण्याची परवानगी सॉफ्टवेअरला स्वतंत्रपणें द्यावी लागते; ती नाकारलेली असल्यास सर्व उपकरणें सुस्थितींत असूनहि मुद्रणांत निव्वळ शांतता उतरते. जोडयंत्रास लावावयाचे कंडेन्सर जातीचे मायक्रोफोन बहुधा ४८ व्होल्टच्या पुरवठ्यावांचून बोलत नाहींत. त्यासाठीं जोडयंत्रावर ‘४८’ असा अंक लिहिलेलें बटण असतें. डायनॅमिक जातीच्या मायक्रोफोनला या पुरवठ्याची गरज नसते. मोबाइलच्या हेडफोनची पिन आणि जुन्या संगणकाच्या मायक्रोफोनची पिन दिसण्यांत सारखी असली तरी एक नव्हे. पहिलीवर तीन कडीं व चार भाग असतात, दुसरीवर दोन कडीं व तीन भाग असतात. एकीच्या जागीं दुसरी बसते खरी, पण तिच्यांतून मायक्रोफोनचा आवाज जाईलच असें नाहीं.

दुसरा दोष असा कीं, आवाज येतो, पण खोल विहिरींतून आल्यासारखा येतो. येथें एक सोपी परीक्षा आहे. बाहेरच्या मायक्रोफोनच्या जाळीवर नख हलकेंच फिरवावें, आणि मग लॅपटॉपच्या कडेवर टिचकी मारावी. नखानें पट्टी जेमतेम हलली आणि टिचकीनें मात्र उसळली, तर सॉफ्टवेअर बाहेरच्या मायक्रोफोनऐवजीं लॅपटॉपच्या आंतील मायक्रोफोन ऐकत आहे असें समजावें. कित्येक मायक्रोफोनचें तोंड टोंकाशीं नसून बाजूस असतें, आणि त्याच्या पाठीकडून आलेला आवाज तो मुद्दाम कमी घेतो. अशा मायक्रोफोनच्या पाठीशीं बोलणारा मनुष्यहि दूरस्थ वाटतो.

निवड बरोबर असून आवाज दूरचा वाटत असेल, तर तो खरोखरीच दूर आहे. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाजाचा दाब निम्मा होतो. तोंड आणि मायक्रोफोन यांच्यामध्यें एक वीत अंतर असतां जो दाब मिळतो, त्याचा चौथा हिस्साच दोन हातांवरून मिळतो. कारण दोन हात म्हणजे चार वीत. डेसिबेलच्या भाषेंत ही घट सुमारें १२ इतकी भरते. खोलींतील पंख्याचा व रस्त्याचा आवाज मात्र होता तेवढाच राहतो. मग आवाज मोठा करण्यासाठीं गुंडी फिरविली कीं बोलण्याबरोबर पंखाहि मोठा होतो. म्हणून खरा उपाय गुंडी नव्हे, अंतर. मायक्रोफोन एका वितीवर आणावा, परंतु अगदीं तोंडासमोर न धरतां किंचित् बाजूस ठेवावा. म्हणजे प, फ, ब, भ या अक्षरांबरोबर सुटणारा श्वासाचा झोत त्याच्यावर थेट आदळणार नाहीं. ओठ मिटून उघडणारीं हीं अक्षरें मराठींत पदोपदीं येतात, आणि त्या झोताचा धप्पा मुद्रणांत फार खुपतो.

याच्या उलट दोष म्हणजे आवाज फाटणें. आंकड्यांच्या मुद्रणांत शून्य डेसिबेल ही कमाल मर्यादा असते. तिच्यावर कांहींच नोंदलें जात नाहीं. आवाजाची लाट त्या मर्यादेवर गेली कीं वाढलेलें कुंपण कात्रीनें सपाट छाटावें तसा तिचा माथा उडतो, आणि कानाला खरखर ऐकूं येते. छाटलेला माथा मागाहून पातळी उतरवून परत येत नाहीं. यासाठीं आवाजाचीं शिखरें उणे १२ ते उणे ६ डेसिबेलच्या दरम्यान राहतील अशी पातळी आधींच ठेवावी. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. छाटणी जर जोडयंत्रांतच होत असेल, तर सॉफ्टवेअरमधील पट्टी खालीं ओढून उपयोग नाहीं. फाटलेला आवाज फक्त लहान होतो. गुंडी जोडयंत्रावरचीच कमी केली पाहिजे. चांचणी घेतांना वक्त्यास नुसतें नांव-गांव विचारूं नये. कारण मनुष्य नांव हळू सांगतो आणि गोष्ट रंगली कीं मोठ्यानें हंसतो. गाणाऱ्यास सर्वांत चढ्या स्वराची ओळ म्हणावयास सांगावी व तिच्यावरून पातळी ठरवावी.

तिसरा वर्ग कुरकुरीचा आणि गुणगुणीचा. आपल्या देशांत घरोघरीं येणारी वीज सेकंदास ५० आवर्तनांची असते. तिचा शिरकाव मायक्रोफोनच्या तारेंत झाला कीं ५० हर्ट्झचा व त्याच्या पटींतील १०० वगैरे हर्ट्झचा एकसारखा खर्ज मुद्रणांत उतरतो. याची परीक्षा अशी: लॅपटॉपची चार्जरची तार काढून तो केवळ बॅटरीवर चालवावा. खर्ज थांबला तर दोष विजेच्या मार्गांत आहे. मग मुद्रणापुरता लॅपटॉप बॅटरीवरच ठेवावा, किंवा सर्व उपकरणें एकाच फळीवरील खाचांतून चालवावीं. मायक्रोफोनची तार चार्जरच्या तारेजवळून समांतर नेऊं नये, छेदावीच लागली तर काटकोनांत छेदावी. प्लगची जमिनीला जोडणारी तिसरी पिन काढून टाकावी असा उपाय कोणीं सुचविल्यास तो मुळींच अंगीकारूं नये. त्यानें कदाचित् गुणगुण थांबेल, परंतु तीच पिन विजेच्या धक्क्यापासून माणसाचें रक्षण करीत असते.

यंत्रांतील दोष निघाले तरी खोलीचा दोष उरतो. पुष्कळ घरांत खालीं फरशी, भोंवतीं उघड्या भिंती आणि वर सपाट स्लॅब असतो. शब्द एकदां मायक्रोफोनवर सरळ येतो, आणि मग फरशी, भिंत, स्लॅब यांवरून परतून पुन:पुन्हां येतो. खोलीच्या मध्यभागीं उभें राहून एकच टाळी वाजवावी. टाळी कोरडी वाटली तर खोली चांगली. तिच्यामागें शेपूट ऐकूं आलें तर आवाजालाहि तेंच शेपूट लागेल. यावर महाग सामान आणण्याचें कारण नाहीं. गाद्या, उशा, पडदे आणि कपड्यांनीं भरलेलें उघडें कपाट असलेली लहान खोली दिवाणखान्यापेक्षां सरस ठरते. वक्त्याच्या मागें-पुढें दोरीवर दोन-तीन गोधड्या टांगल्या, खालीं सतरंजी घातली, तर तेवढ्यानेंच मोठा फरक पडतो. पंखा आणि फ्रिज तेवढा वेळ बंद ठेवावे. कुकरची शिटी होऊन जाऊं द्यावी.

आतां असा एक दोष सांगावयाचा, कीं जो उपकाराच्या रूपानें येतो. मोबाइल, लॅपटॉप आणि दूरस्थ सभांचीं सॉफ्टवेअरें यांत गोंगाट कमी करण्याची योजना बहुधा आपोआप चालू असते. तिचें गृहीत असें कीं, चढउतार होणारा आवाज तो बोलण्याचा, आणि एकसारखा चालणारा आवाज तो गोंगाट. दूरध्वनीवरील संभाषणासाठीं हें गृहीत योग्य आहे. परंतु तंबोरा एकसारखा वाजतो, आणि जात्याची घरघरहि एकसारखीच असते. मग यंत्र तंबोरा पुसतें, जात्याची घरघर गिळतें, आणि त्याबरोबर गाणाऱ्याचा लांबविलेला स्वरहि मधूनमधून खातें. ऐकणाऱ्यास वाटतें, गळा थकला. वस्तुत: गळा ठणठणीत असतो. म्हणून गाणें मुद्रित करण्यापूर्वीं गोंगाट कमी करणारी, प्रतिध्वनि काढणारी आणि पातळी आपोआप बदलणारी अशा तिन्ही योजना शोधून बंद कराव्या. ब्लूटूथ हेडफोनचा मायक्रोफोनहि अशा कामास टाळावा. कारण त्याचा मायक्रोफोन चालू झाला कीं पुष्कळ उपकरणें संभाषणाच्या व्यवस्थेंत शिरतात आणि आवाज टेलिफोनसारखा अरुंद होतो.

मुद्रणांत टकटक ऐकूं येणें किंवा मधलीं अक्षरें गळणें, हा दोष बहुधा संगणकाच्या ओझ्याचा असतो. सॉफ्टवेअर आवाजाचे आंकडे लहान लहान गठ्ठ्यांनीं घेतें. या गठ्ठ्यास बफर म्हणतात. गठ्ठा फार लहान असला आणि संगणक दुसऱ्या कामांत गुंतलेला असला, कीं एखादा गठ्ठा वेळेवर उचलला जात नाहीं आणि तेथें टक् असा आवाज होतो. इतर कामें बंद करावीं, जोडयंत्र मधल्या हबऐवजीं थेट संगणकास लावावें आणि बफर वाढवावा. १,०२४ नमुन्यांच्या बफरला सेकंदास ४८,००० नमुन्यांच्या गतीनें सुमारें २१ सहस्रांश सेकंद लागतात. त्यामुळें संगणकांतून फिरून आलेला स्वतःचा आवाज उशिरां ऐकूं येऊन बोलणारा अडखळूं लागेल. तेव्हां हेडफोन जोडयंत्रालाच लावून तेथूनच आवाज ऐकावा. स्पीकर मात्र मुद्रणाच्या वेळीं बंदच असावा, नाहीं तर त्याचा आवाज मायक्रोफोनमध्यें शिरून शिटी सुरू होते.

आवाज बारीक आणि घाईचा वाटला तर गतीचा मेळ चुकलेला असतो. संगीताच्या तबकडीसाठीं सेकंदास ४४,१०० नमुने घेण्याची रीत आहे, तर चित्रफितीसाठीं ४८,०००. पहिल्या गतीनें घेतलेलें मुद्रण दुसऱ्या गतीचें समजून वाजविलें, तर ६० मिनिटांचें बोलणें ५५ मिनिटें साडेसात सेकंदांत संपतें आणि आवाज जवळजवळ दीड अर्धस्वर चढतो. हा दोष पाहण्यास विचित्र, पण निरुपद्रवी आहे. मूळ आंकडे शाबूत असल्यामुळें गति योग्य सांगतांच आवाज पूर्ववत् होतो. पुढें हा घोळ होऊं नये म्हणून जोडयंत्र, संगणक व सॉफ्टवेअर या तिन्ही ठिकाणीं एकच गति ठेवावी.

मुद्रण उत्तम होऊनहि तें जतन न केल्यामुळें गमावल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. सॉफ्टवेअरमधील काम जतन करणें आणि त्यांतून सर्वत्र वाजणारी ध्वनिफीत बाहेर काढणें, या दोन वेगळ्या क्रिया होत, दोन्ही कराव्या. मूळ प्रत वेव्ह स्वरूपांत ठेवावी. १६ बिटांच्या, एकपदरी, ४४,१०० गतीच्या मुद्रणास तासाला सुमारें ३१८ मेगाबाइट जागा लागते. आजच्या संगणकास ती जड नाहीं. एमपी-३ ची लहान प्रत आप्तेष्टांना पाठविण्यास सोयीची, पण ती करतांना आवाजाचा कांहीं भाग कायमचा टाकला जातो. म्हणून तिला मूळ समजूं नये. मूळ प्रतीच्या नकला दोन वेगळ्या ठिकाणीं ठेवाव्या, आणि मुद्रणाच्या प्रारंभींच बोलणाऱ्याचें नांव, गांव व दिनांक उच्चारून घ्यावा. गोहरजान यांच्या जुन्या तबकड्यांवर गाण्याच्या शेवटीं त्या स्वतःचें नांव सांगतांना ऐकूं येतात. दूरच्या कारखान्यांत तबकडी कोणाची हें कळावें, हा त्यामागील व्यवहार होता. पन्नास वर्षांनीं फीत उघडणारा नातूहि त्या कारखान्यांतील कामगाराइतकाच अनभिज्ञ असेल.

या सर्व विवेचनाचें सार एका मिनिटांत मावण्यासारखें आहे. ज्या दिवशीं मुद्रण करावयाचें त्याच्या आदल्या दिवशीं, त्याच खोलींत, त्याच वेळीं, घरांतील दुसऱ्या कोणास तरी बसवून एक मिनिटाचें मुद्रण करावें. त्यांत दहा सेकंद कोणीहि बोलूं नये, म्हणजे पंखा, खर्ज आणि रस्ता उघडे पडतात. मग थोडें हळू व थोडें मोठ्यानें बोलावें. तें हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकावें. दोष आढळला तर पाटाच्या कडेनें चालत जाऊन तो शोधण्यास सबंध रात्र हातीं असते. प्रत्यक्ष मुद्रणाच्या वेळीं शेजारीं एक मोबाइल, विमानांतील प्रवासासाठीं असते ती संपर्क बंद ठेवण्याची मांडणी करून, वेगळें मुद्रण करीत ठेवावा. पहिल्या यंत्रानें दगा दिला तरी दुसरा साक्षीदार उरतो. एवढी तयारी झाली म्हणजे यंत्राकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं. मग ओवी म्हणणाऱ्या वृद्धेला समोर पट्टी न्याहाळणारा तंत्रज्ञ दिसत नाहीं, ऐकणारा नातू दिसतो. आणि ऐकणारें माणूस समोर असलें, तर विसरलेली ओवीहि पुष्कळदां आपणहून ओठांवर येते.